चार टोकांचा म्हातारा तारा

या प्रवासात लेणी नाहीत, धबधबा नाही, एखादं जुनं देऊळही आम्ही आत जाऊन पाहिलं नाही. नांदेडहून अर्धापूर, मग लातूर आणि शेवटी निलंग्याच्या पुढे कर्नाटकाच्या अंगाला असलेलं एक खेडं, एवढीच वाट. बहुतेक एस.टी.नं केली. सोबत रफीकभाई पेंटर होते. सामान म्हणजे पांढऱ्या रंगाचा एक डबा, ब्रशांची पिशवी आणि माझी काळी छत्री. माघ महिन्यात छत्री कशाला, असं बसमध्ये दोघांनी विचारलं. त्याचं उत्तर पुढे येईल.

काम सांगायला सोपं आणि करायला जड होतं. तीन शाळांच्या भिंतींवर मी एक चूक लिहून ठेवली होती. ती पुसायची होती.

आमच्याकडे शाळांना बोलक्या भिंती असतात. व्हरांड्यात पाढे, पायऱ्यांवर एकक-दशक, पाण्याच्या टाकीजवळ पचनसंस्था. पुस्तकातलं वाक्य मूल परीक्षेनंतर विसरतं. भिंतीवरचं वाक्य ते रोज पाणी प्यायला जाता-येता वाचतं, आणि ते त्याला जन्मभर पुरतं. मी विज्ञानाचा मास्तर. नोकरी संपल्यावर रफीकभाईंच्या या कामात मजकूर पुरवायला लागलो. फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवायचं त्यांचं काम बसलं होतं. शाळांच्या भिंतींनी त्यांना पुन्हा शिडीवर चढवलं. ते चित्र काढायचे, खालची ओळ माझी असायची.

सोनेरी आरशांची मोठी दुर्बीण अवकाशात गेली आणि तिचे फोटो पेपरात यायला लागले, तेव्हा रफीकभाई हरखले. "मास्तर, हे काढायचं. असं आभाळ म्या कधीच काढलं न्हाई." आधीच्या दुर्बिणीचा फोटो माझ्याकडे होताच. त्यात ताऱ्यांना चार टोकं होती. नव्या फोटोत सहा लांब आणि दोन आखूड, अशी आठ. बातमीत लिहिलं होतं की ही दुर्बीण डोळ्याला न दिसणारा, उबेच्या जातीचा प्रकाश टिपते, त्यामुळे धुळीच्या ढगात लपलेले नुकते जन्मलेले तारेही तिला दिसतात. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि घरबसल्या शोध लावला. चित्राखाली ओळ दिली :

चार टोकांचा तारा म्हातारा, आठ टोकांचा तारा तरुण. टोकं जितकी लांब, तितका तारा मोठा.

ओळीला ताल होता. पोरं ती उड्या मारत म्हणायची. अर्धापूरच्या शाळेनं भिंत करून घेतली, मग लातूरच्या, मग त्या खेड्यातल्या.

ओळ साफ चूक होती.

नांदेड

चूक मला कुणी दाखवली नव्हती असं नाही. दाखवली होती, आणि मी ऐकलं नव्हतं. गुन्हा तो आहे.

त्या खेड्यातल्या शाळेत मीनाक्षी बिराजदार नावाच्या शिक्षिका आहेत. भिंत रंगवून आम्ही परत आलो आणि थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. "सर, ती टोकं ताऱ्याची नाहीत, दुर्बिणीची आहेत. ओळ बदलता येईल का?" मी विचारलं, "बाई, तुमची नोकरी किती वर्षांची?" त्यांनी फोन ठेवला. मग मुख्याध्यापकांनी फोन करून विचारलं, तेव्हा मी सांगितलं, भिंत बरोबर आहे.

पुढे तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला मला परीक्षक म्हणून बोलावलं. बाईंची मुलं एक छत्री आणि एक टॉर्च घेऊन उभी होती. छत्रीच्या कापडातून टॉर्च बघा, टोकं दिसतील, असं ती सांगत होती. मी बघितलं नाही. भोवती गर्दी होती, माझ्या खांद्यावर शाल होती. मी मोठ्यानं म्हणालो, "पावसाळा संपला, बाई. छत्री मिटा आणि शाळेची भिंत वाचा."

सगळे हसले. बाईंच्या गावातली माणसंही हसली. आणि तेवढं वाक्य घेऊन गावी गेली.

त्यानंतर मी ते विसरलो. मग माझ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर एका संध्याकाळी वजिराबादच्या बाजारात औषधं आणायला गेलो, तर प्रत्येक दिव्याला टोकं फुटलेली. खांबावरच्या दिव्याला, मोटरसायकलीच्या दिव्याला, चणेवाल्याच्या गाड्यावरच्या बल्बला, सगळ्यांना सारखीच, एकाच बाजूला तिरकी. डॉक्टर म्हणाले होते, नव्या भिंगामुळे काही दिवस असं दिसेल. मी उभ्या उभ्या मान वाकडी केली. बाजारातल्या झाडून सगळ्या दिव्यांची टोकं माझ्या मानेबरोबर वाकडी झाली.

दिवे जिथल्या तिथे होते. टोकं माझ्या डोळ्यात होती.

मला छत्री आठवली. औषधं न घेताच घरी आलो. मग जे तेव्हा वाचायला हवं होतं ते वाचलं, आणि रफीकभाईंना फोन केला.

ते आधी हसले, मग चिडले. "मास्तर, चूक तुमची ओळ. माझं आभाळ कायकू पुसायचं?"

"ओळीसकट चित्र चुकलंय, रफीकभाई. चार टोकांचे आणि आठ टोकांचे तारे आपण एकाच आभाळात काढले. एका दुर्बिणीतून असं दिसूच शकत नाही."

"दिसत न्हाई तर न दिसू द्या. दिसायला तर चांगलं दिसतंय ना!"

पण दुसऱ्या दिवशी ते स्टँडवर आले. डबा त्यांनीच आणला होता.

अर्धापूर

नांदेडहून निघालं की शहर संपता संपता केळी सुरू होतात. दोन्ही बाजूंनी हिरवं, मधून डांबर. बाहेर ऊन चढत होतं तरी बसच्या खिडकीतून गार ओल आत यायची. फाट्यावर घडांनी भरलेला टेम्पो उभा होता, आणि एक शेतकरी हमालांवर ओरडत होता, "अरं, लेकरू उचलल्यावानी उचल की! डाग पडला तर कोण घेतंय?" आम्हाला पायी जाताना बघून त्यानं अख्खी फणीच हातात दिली. नांदेडात केळी डझनावर मिळतात. इथे पाहुण्याला मोजून केळी देणं कमीपणाचं मानतात. आम्ही शाळेपर्यंत खात गेलो. उरलेली रफीकभाईंनी ब्रशांच्या पिशवीत कोंबली, आणि पुढे सगळ्या ब्रशांना केळ्याचा वास लागला.

शाळेचे मुख्याध्यापक नवे होते. त्यांना आमचं काही ठाऊक नव्हतं. मी कारण सांगायला तोंड उघडलं, तोवर ते म्हणाले, "रंग देताय ना? द्या की. आम्हाला कशाला विचारता?"

मी कारण सांगितलं नाही. सांगायचं वाचलं, म्हणून मला बरंच वाटलं, हेही लिहून ठेवतो.

रफीकभाईंनी निळ्या आभाळावर पांढरा ब्रश फिरवायला घेतला. चंदेरी टोकं आधी पुसट झाली, मग गेली. ते एक अक्षर बोलले नाहीत. एरवी हा माणूस शिडीवर चढला की गाण्याशिवाय काम करत नाही. व्हरांड्यातून जाणारी पोरं थबकायची, बघायची, पळायची. भिंत पांढरी झाल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. एक झाली, असं मनात म्हणालो.

लातूरची बस

लोहा, अहमदपूर, चाकूर असा हा रस्ता माझ्या पाठीला पाठ आहे. खड्डा कुठला कुठे येतो हे कण्याला आधी कळतं. कंडक्टरनं डबा बघितला.

"हे काय हाय?"

"रंग," रफीकभाई म्हणाले.

"पेटतंय का?"

"साहेब, यानं भिंतीला धड रंग चढंना, पेटायचं लांबच."

"सांडला तर उतरवीन दोघांनाबी."

सांडलाच. चाकूरच्या अलीकडे झाकण सुटलं, आणि पांढरा ओघळ सीटखालून पुढे गेला. एका आजीबाईंच्या चपलांचे पांढरे ठसे दारापर्यंत उमटले. उतरताना त्या मागे वळून म्हणाल्या, "लक्ष्मीची पावलं काढून चालले बगा गाडीत. आता तरी येळंवर येऊ द्या." सगळी बस हसली, म्हणून कंडक्टरलाही हसावं लागलं. आम्हाला उतरवलं नाही. फडक्यानं पुसायला मात्र लावलं.

पुसून झाल्यावर रफीकभाई म्हणाले, "आता नीट सांगा. टोकं येतात कुठनं? उगाच माझं आभाळ गेलं असं नको."

मी सांगितलं ते इथेही लिहितो, कारण ज्यांनी ती भिंत वाचली त्यांच्यातलं कुणी हे वाचत असेल.

तारा इतका लांब असतो की कितीही मोठी दुर्बीण लावली तरी तो टिंबच. पण टिंब टिंबासारखं उमटत नाही. प्रकाश लाटेसारखा येतो, आणि आरशाच्या कडेला, आडव्या आलेल्या दांडीला लागला की थोडा पसरतो. कुठल्या बाजूला पसरणार हे त्या कडा ठरवतात. नव्या दुर्बिणीचा आरसा षटकोनी तुकड्यांचा, म्हणून सहा लांब टोकं. समोरचा छोटा आरसा तीन दांड्यांनी धरलेला आहे. त्यांचीही टोकं उमटतात, पण बरीचशी आधीच्या टोकांवरच पडतात, आणि वेगळी अशी दोन आखूड उरतात. जुन्या दुर्बिणीत दांड्या फुलीसारख्या होत्या, म्हणून चार. त्या दुर्बिणीतून पाहिलेला जो तो तारा त्याच साच्यात उमटणार, म्हातारा असो की तान्हा. तेजस्वी असेल तर साचा ठळक दिसतो, टोकं लांब दिसतात. मंद ताऱ्यालाही तीच टोकं असतात, फक्त ती अंधारात बुडून जातात.

"म्हणजे रबरी शिक्का," रफीकभाई म्हणाले. "शाई जास्त तर छाप दाट."

"तसंच. आणि उबेच्या प्रकाशाची लाट लांब असते, ती जास्त पसरते. म्हणून आरसाही मोठा लागतो, नाहीतर टिंबाचा भोपळा होईल."

"ती दुर्बीण सावलीत ठेवलीय असं तुमीच बोलला होताव."

"सावलीत आणि भयंकर थंडीत. ती स्वतः गरम असेल तर तिला आधी स्वतःचीच ऊब दिसेल. बाहेरचं काही दिसणार नाही."

रफीकभाईंनी खिडकीबाहेर बघितलं. करडईची पिवळी फुलं आणि कणसात आलेला शाळू मागे जात होता. "म्हणजे डोकं थंड ठेवून बघायचं," ते म्हणाले. "शाल घेऊन न्हाई."

प्रदर्शनात ते माझ्या मागेच उभे होते. इतके दिवस त्यांनी ते काढलं नव्हतं.

मी विषय बदलला. छोट्या चित्राचं मोठं करताना ते भिंतीवर दोऱ्यानं चौकटी पाडतात. कॅमेऱ्यातही अशाच चौकटी असतात, मी म्हणालो. प्रत्येक चौकट फक्त एवढंच सांगते की माझ्यात उजेड इतका पडला. आत कुठे पडला ते ती सांगत नाही. काही फोटोंत ताऱ्याचं टिंब एका चौकटीहून फारसं मोठं नसतं. मग ते मधोमध आहे की कोपऱ्यात, कळणार कसं? म्हणून दुर्बीण जराशी सरकते आणि पुन्हा फोटो घेते. पुन्हा सरकते, पुन्हा घेते. कुठल्या चौकटीत उजेड वाढला, कुठे घटला, ते ताडून टिंबाची जागा काढतात.

"एका जाग्यावरनं कळत न्हाई म्हणा," रफीकभाई म्हणाले आणि झोपले. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं. तसंच चाकूर मागे पडलं.

लातूर

लातूरला उतरलं की तुरीच्या डाळीचा कोरडा वास नाकात बसतो. नांदेडकर म्हणून मला या गावाचं एक नवल वाटतं. इथे सगळेच घाईत असतात. बाजारात तेलबियांची पोती घाईत, रिक्षा घाईत, आणि पाठीवर दप्तरं अडकवून एका क्लासातून दुसऱ्या क्लासात जाणारी पोरं सर्वांत घाईत.

दुसऱ्या दिवशी रविवार, शाळेला सुट्टी होती. शिपायानं फाटक उघडून दिलं. ही भिंतही आम्ही पांढरी केली. तिथे विचारायलाच कुणी नव्हतं.

मग कोपऱ्यावरच्या गाड्यावर सुशीला खायला उभे राहिलो. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो, हे बाईचं नाव नाही, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला प्रकार आहे. आम्ही नांदेडकरही तो करतो, पण लातूरवाले त्यात दाण्याचं कूट घालताना हात आखडत नाहीत. शेजारी खांद्याला बॅग लावलेली एक मुलगी उभ्या उभ्या खात होती. तिनं माझ्याकडे दोनदा पाहिलं.

"सर, तुम्ही कदम सर ना? आमच्या शाळेत भिंतीच्या वेळी आला होतात. मला ते अजून पाठ आहे." आणि गाड्यापुढे तिनं म्हणून दाखवलं, "चार टोकांचा तारा म्हातारा, आठ टोकांचा तारा तरुण!"

गाडेवाला म्हणाला, "वा!"

"बाळ, ते चूक होतं," मी म्हणालो.

"काय सर?" रस्त्यावर हॉर्न वाजत होते.

"ते चुकीचं लिहिलं होतं मी."

"हो ना सर, खूप छान होतं," ती हसून म्हणाली, घड्याळ बघितलं आणि पळाली. क्लासला उशीर झाला होता.

रफीकभाईंच्या नखांत पांढरा रंग भरलेला होता. ते नखं बघत म्हणाले, "भिंत पुसली मास्तर. पोरगी कशी पुसणार?"

मी सुशीला अर्धी टाकून गाडेवाल्याला पैसे दिले.

निलंग्याच्या पुढे

सोमवारी सकाळी निलंग्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरमागून रांगत गेलो. पुढे जीप. त्या भागात आलं की बोलण्याचा सूर बदलतो. जीपमधला म्हातारा मराठीत भाडं ठरवत होता आणि नातवाला कन्नडमध्ये दटावत होता. आमच्याकडे मराठीत तेलुगू-उर्दू मिसळते, इथे कन्नड. गाडी तीच, इंजिन वेगळं.

शाळेबाहेरच्या पारावर दोन माणसं बसली होती. बिराजदार बाई पोषण आहाराच्या खिचडीचं पातेलं बघायला व्हरांड्यात आल्या, तेव्हा त्यातल्या एकानं सहज आवाज टाकला, "मॅडम, भिंत वाचली का आज?" दुसरा हसला. बाईंनी मान वर केली नाही. रोजचं असावं.

मी ते ऐकलं. तेवढ्यासाठी आलो होतो, तरी तिथून परत फिरावंसं वाटलं.

बाईंनी मला ओळखलं. "या सर," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, गोडवाही नव्हता. आधी जेवायला बसवलं. मुलांच्या पंगतीतच ताटं घेतली. खिचडी गरम होती, वर कच्चं तेल आणि शेंगदाण्याची चटणी. माझ्या शेजारचा मुलगा माझी छत्री निरखत होता.

जेवण झाल्यावर मी उठलो, भिंतीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. आम्ही ही भिंत पांढरी करायला आलोय. अर्धापूर, लातूर झालं."

त्या लगेच म्हणाल्या, "नाही."

"म्हणजे?"

"पांढरी करायची नाही. सर, तुम्ही रंग मारून बसनं निघून जाल. गाव म्हणेल, भिंत जुनी झाली होती, रंग दिला. पारावरचं ऐकलंत ना आता? ते कुठं पुसाल?"

मी पाराकडे बघितलं.

"अर्धापूरला कुणाला सांगितलंत, का पुसली ते?"

"नाही."

"लातूरला?"

"एका मुलीला. तिला ऐकू आलं नाही."

"तेव्हा तुम्ही गर्दीत बोलला होतात," त्या म्हणाल्या. "आता एकट्यात सांगताय."

रफीकभाई डबा हातात धरून उभे होते. तो त्यांनी खाली ठेवला.

बाईंनी मग शाळा समितीचे अध्यक्ष संगाप्पा यांना निरोप धाडला, मुख्याध्यापकांना वर्गात बोलावलं आणि पारावरच्या दोघांनाही. "या, तुम्ही पण. रोज विचारता ना, आज वाचू भिंत." वर्गाच्या खिडक्यांना पोती आणि सतरंज्या लावल्या. एका टोकाला मोबाईलचा टॉर्च ठेवला, त्यावर सुईनं भोक पाडलेला पुठ्ठा. अंधारात एक टिंब चमकायला लागलं.

"छत्री," बाई म्हणाल्या. मी माझी उघडून पुढे केली. "तुम्हीच बघा आधी सर. तेव्हा बघायचं राहिलं होतं."

मी कापडातून बघितलं. टिंबाला चार टोकं फुटली, फुलीसारखी, कडेला रंगीत कण. मी दांडा फिरवला. फुली फिरली. इतकं सोपं होतं. तेव्हा मान वाकवावीसुद्धा लागली नसती.

संगाप्पा आले होते. जाडजूड, पांढरा नेहरू शर्ट. त्यांनी छत्री घेतली. "अरारारा! फिरतंय की हे!"

"दिवा फिरला का, अध्यक्ष?" बाईंनी विचारलं.

"दिवा कुठं फिरतंय? दिवा तितंच हाय."

"मग फुली कुणाची?"

"छत्रीची." ते थांबले. "छत्रीच्या कापडाच्या इणीची."

बाईंनी दुसरा मंद टॉर्च शेजारी लावला. त्याची फुली आखूड दिसली. मग पुठ्ठा काढून पुढे पातळ कागद धरला. टिंबाचा पसरट गोळा झाला आणि फुली विरून गेली. "म्हणून फोटोत आकाशगंगेला बहुतेक वेळा टोकं नसतात," त्या मुलांना म्हणाल्या. "जे टिंब असतं त्यालाच ठसा उमटतो." मुलं छत्रीखाली डोकी घालायला भांडत होती. मी इतकी वर्षं शिकवलं, असा तास कधी घेतला नाही.

मग त्या बाजूला झाल्या. आता माझी पाळी होती.

मी बोललो, पण नीट बोललो नाही. आरसा, दांड्या, लाटा असं काहीबाही सांगत राहिलो. संगाप्पांनी हात वर केला. "गुरुजी, ते ऱ्हाऊ द्या. एक सांगा. मॅडम बरोबर होत्या का?"

"हाव," मी म्हणालो.

"तवा?"

"तेव्हाही."

"मग तुमी चारचौघांत तसं कशापायी बोललाव? आमी तुमच्या भरवशावर हसलो की."

अंधारात तेवढं एकच टिंब होतं. मी त्याच्याकडे बघत म्हणालो, "मला माहीत नव्हतं. आणि छत्रीतून बघितलं असतं तर ते सगळ्यांना कळलं असतं. म्हणून बघितलं नाही."

पारावरचा एकजण दारापाशी पायानं फरशी उकरत होता.

सतरंज्या काढल्या, उजेड आला. बाई म्हणाल्या, चित्र राहू द्या, ओळही राहू द्या. तिच्यावर एक रेघ मारा, पण वाचता येईल अशी. खाली खरं लिहा. आणि नाव घाला.

रफीकभाईंचा चेहरा उजळला. अर्धापुरापासून गाणं विसरलेला माणूस शिडीवर चढला आणि गुणगुणायला लागला. मजकूर बाईंनी सांगितला :

ही टोकं ताऱ्याची नाहीत, दुर्बिणीची आहेत. वरची ओळ वि. ना. कदम यांनी चुकीची लिहिली होती. या शाळेत ती चूक बिराजदार मॅडम यांनी दाखवली.

"चुकीची हा शब्द जरा लहान काढू का मास्तर?" रफीकभाईंनी वरून विचारलं.

"सारखाच काढा."

बाईंनी चहा दिला. कप परत देताना मी म्हणालो, "बाई, मी या प्रवासावर लिहिणार आहे."

"लिहा. पण मी माफ केलं असं लिहू नका. अजून तसं काही वाटत नाहीये मला." मग म्हणाल्या, "छत्री ठेवून जाल का? आमची फाटलीय."

मी छत्री ठेवली.

जीपची वाट बघत आम्ही फाटकाशी उभे होतो. रंग ओला होता. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली एक म्हातारी भिंतीपुढे थांबली आणि संगाप्पांना विचारायला लागली, हे नवं काय लिवलंय, रेघ कशाची मारली. पारावरचे दोघे तिथेच होते. संगाप्पांनी क्षणभर भिंतीकडे पाहिलं.

"मला काय इचारती?" ते म्हणाले. "आत जा. मॅडमला इचार."

म्हातारी भारा उतरवून आत गेली. पारावर कुणी हसलं नाही.

परत

निलंग्याला उभ्या उभ्या भजी घातलेला तिखट भात खाल्ला आणि लातूरवरून नांदेडला जाणारी बस धरली. दिवेलागण झाली होती. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांना माझ्या डोळ्यात अजून थोडी टोकं फुटत होती, आधीपेक्षा कमी. डॉक्टर म्हणाले तशी ती जातीलही. अंग इतकं आंबलं होतं की नांदेडचं अंथरूण डोळ्यांपुढे दिसत होतं.

रफीकभाईंनी डबा हलवून बघितला. पांढरा बराच उरला होता. आता तो लागणार नव्हता. पुसलेलं आभाळ पुन्हा काढायला निळा आणि चंदेरी लागणार होता.

"मास्तर, गाडी सरळ नांदेडला जाती," ते म्हणाले. "लातूरला उतरायचं का?"

बाहेर डाळ मिलचे दिवे दिसायला लागले होते. लातूरला पांढरी भिंत, अर्धापूरला पांढरी भिंत, आणि दोन्हीकडे का पांढरी केली हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"उतरायचं," मी म्हणालो, आणि गुडघ्यावर हात टेकून उठलो.